गावाचा रकाना

१९६१ सालच्या चित्रपटांना केंद्र सरकारने जे पुरस्कार दिले, त्यांची यादी छोटी आहे. मराठीचा मजकूर तर चार ओळींत संपतो. अनंत माने यांच्या 'मानिनी'ला राष्ट्रपतींचे रौप्यपदक. गजानन जागीरदार यांच्या 'वैजयंता'ला आणि माधव शिंदे यांच्या 'माणसाला पंख असतात'ला प्रशस्तिपत्र. आणि या प्रादेशिक रांगेच्या वर, अखिल भारतीय विभागात, तिसऱ्या क्रमांकाचे प्रशस्तिपत्र मधुकर पाठक यांच्या 'प्रपंच'ला. पहिला आला होता बंगाली 'भगिनी निवेदिता', दुसरा तमिळ 'पाव मन्निप्पु'. प्रत्येक ओळीत चित्रपटाचे नाव, निर्मात्याचे नाव, दिग्दर्शकाचे नाव. चौथा रकाना नाही. चित्रपट कुठल्या गावात घडला, त्यातली माणसे कुठे तयार झाली, हे विचारायची सरकारला गरज वाटली नव्हती, आणि तसे पाहिले तर त्यात काही चूकही नाही. पदक चित्रपटाला द्यायचे असते, गावाला नाही.

पण कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीचा इतिहास लिहायला बसले की हा नसलेला रकाना फार छळतो. यादीत कोल्हापूर हा शब्द सापडत नाही. तो एकेका नावाच्या पाठीमागे जाऊन काढावा लागतो. वरच्याच चार ओळी घ्या. अनंत माने कोल्हापूरचे. 'प्रपंच'ची कथा ग. दि. माडगूळकरांची. माणदेशातला हा तरुण चित्रपटाच्या धंद्यात शिरला तो कोल्हापुरात, मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्समध्ये, आणि 'ब्रह्मचारी'त त्याने बारीकशी भूमिकाही केली. सहा पोरांच्या कुंभाराच्या घरातली ती बाई, अमर शेखांसमोर उभी राहिलेली सुलोचना, तिचे शिक्षण भालजी पेंढारकरांच्या कोल्हापुरातल्या जयप्रभा स्टुडिओत झालेले. 'सुलोचना' हे नावही भालजींनीच दिलेले. म्हणजे चार ओळींपैकी निदान दोन ओळींखालची जमीन कोल्हापूरची निघते. कागदावर मात्र त्याचा मागमूस नाही.

हा लेख अशाच काही कागदांविषयी आहे. पुरस्काराचा कागद काय सांगतो, काय गाळतो, आणि गाळलेले भरून काढायला दुसरा कुठला कागद उपयोगी पडतो, एवढेच पाहायचे आहे.

सुरुवात १९२० पासून करावी लागते. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात आर्यन थिएटरला लागला. कोल्हापुरात ही कंपनी काढणारे बाबूराव पेंटर हे मूळचे बाबूराव मेस्त्री. मावसभाऊ आनंदरावांबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता 'पेंटर' हेच आडनाव होऊन बसले. आनंदराव १९१६ मध्ये गेले आणि कॅमेरा बनवायचा अर्धा राहिलेला उद्योग बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा घातला. 'सैरंध्री'तला कीचकवध पडद्यावर इतका खरा वाटला की प्रेक्षक किंचाळले आणि सेन्सॉरने तो प्रसंग कापायला लावला, ही हकीकत जवळपास प्रत्येक पुस्तकात येते. त्याच खेळाच्या निमित्ताने लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक दिले आणि 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

हे पदक आपण सहसा 'थोर पुढाऱ्याने पाठ थोपटली' अशा अर्थाने सांगतो. जरा थांबून पाहिले तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. चित्रपट बेतला होता कृ. प्र. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकावर १९१० मध्ये सरकारने बंदी घातली होती, कारण कीचक म्हणजे कर्झन हे पेठेतल्या पोरालाही कळत होते. खाडिलकर टिळकांचे सहकारी, 'केसरी'त वाढलेले. म्हणजे जप्त झालेल्या नाटकाची कथा दहा वर्षांनी पडद्यावर परत आली, तिचा कळीचा प्रसंग पुन्हा सरकारनेच कापला, आणि तिच्या कर्त्याला पदक दिले ते 'केसरी'च्या संस्थापकाने. पदवीत वर्तमानपत्राचेच नाव. पुढे ज्याला पत्रकारांचा किंवा समीक्षकांचा पुरस्कार म्हणू लागले, त्याची कोल्हापूरपुरती वंशावळ इथून सुरू करावी असे मला वाटते. परीक्षक एकच, नामांकन नाही, समिती नाही, आणि निकालामागचे कारण कलेचे तेवढेच राजकारणाचे. टिळक त्यानंतर सहा महिनेही जगले नाहीत; १ ऑगस्टला गेले.

पदक पुण्यात मिळाले, हेही नोंदवून ठेवावे. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते आणि पुढेही १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत संस्थानच राहिले. चित्रपट इथे बने, पण त्याचा न्याय ब्रिटिश मुलखात होई. सेन्सॉर तिकडचा, मोठी थिएटरे तिकडची, पदके तिकडची. गावाचा रकाना गळायला सुरुवात झाली ती ही अशी.

आता १९३६. या वर्षी कोल्हापुरात मास्टर विनायक, त्यांचे बंधू बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक या तिघांनी हंस पिक्चर्स काढली. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी याच गावात जन्मली होती, पण १९३३ मध्ये ती पुण्याला निघून गेली. मागे कसबी माणसे राहिली, आणि आमच्याच गावात आणखी एक कंपनी का निघू नये असा हट्टही राहिला. हंसचा पहिला चित्रपट 'छाया'. कथा वि. स. खांडेकरांची. खांडेकर त्या वेळी कोकणात शिरोड्याला मास्तर होते. १९२० पासून तिथेच होते आणि कोल्हापूरला कायमचे आले ते १९३८ मध्ये. चित्रपटासाठी त्यांनी लिहिलेली ही पहिली कथा, आणि तिलाच चित्रपट-पत्रकारांच्या संघटनेचे गोहर सुवर्णपदक मिळाले.

माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची ओळ ही. पत्रकार एकत्र बसून वर्षाच्या चित्रपटांत डावे-उजवे करतात आणि पदक नटीला नाही, निर्मात्याला नाही, तर कथा लिहिणाऱ्याला देतात, ही १९३६ मध्ये नवी गोष्ट होती. त्या काळच्या जाहिराती पाहिल्या तर लेखकाचे नाव तळाशी, नाहीतर नसतेच. 'छाया'त मात्र खांडेकर हे नाव विकले जाईल असे विनायकांना वाटले, आणि पत्रकारांनी ते खरे ठरवले. कलकत्त्यात बंगाल फिल्म जर्नालिस्ट्स असोसिएशन ही संघटना १९३७ मध्ये स्थापन झाली आणि तिचे वार्षिक पुरस्कार पुढे अनेक दशके चालले. हिंदी चित्रपटही ती विचारात घेई. दुर्गा खोट्यांना 'चरणों की दासी' आणि 'भरत मिलाप'मधल्या भूमिकांसाठी तिने गौरवले. 'चरणों की दासी' म्हणजे अत्र्यांच्या 'पायाची दासी'चे हिंदी रूप. पण दुर्गाबाई मराठी बोलपटात पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या कोल्हापुरातच, प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त, १९३२ मध्ये. इथेही तेच. पदक कलकत्त्याचे, भाषा हिंदी, आणि धडा कोल्हापुरात गिरवलेला.

'छाया'च्या पदकाकडे दोन बाजूंनी पाहता येते. एक बाजू वाङ्मयाच्या चरित्रकाराची. त्याच्या लेखी हे पदक खांडेकरांच्या कारकिर्दीतला एक मानाचा थांबा. पुढे 'ययाति'ला १९६० चे साहित्य अकादमी, मग १९७४ चे ज्ञानपीठ. त्या रांगेत चित्रपटाचे पदक किरकोळ होऊन जाते. दुसरी बाजू चित्रपटाच्या माणसाची. बाबूराव पेंढारकरांचे 'चित्र आणि चरित्र' वाचताना जाणवते की या मंडळींना पदकापेक्षा पुढच्या चित्रपटाची काळजी जास्त होती. हंसने १९३६ ते १९४० या काळात 'धर्मवीर', 'प्रेमवीर', 'ज्वाला', 'ब्रह्मचारी', 'ब्रँडीची बाटली', 'देवता', 'सुखाचा शोध', 'लग्न पहावे करून', 'अर्धांगी' असा सपाटा लावला. 'ज्वाला', 'देवता' आणि 'सुखाचा शोध' खांडेकरांचे. पदकाचा हिशेब कागदावर शोधायचा तर तो इथे आहे. एका पदकाने कंपनीला पुढच्या तीन कथांचा लेखक पक्का करून दिला, आणि लेखकाला नोकरी सोडून गाव बदलायला लावले. शिरोड्याचा मास्तर कोल्हापूरकर झाला त्याला इतरही कारणे होती, पण चित्रपट हे त्यातले एक ठळक कारण. आज शिवाजी विद्यापीठात खांडेकरांच्या नावाचे स्मृतिसंग्रहालय उभे आहे, त्याचा पाया काही अंशी पडद्याने घातलेला आहे.

'छाया'च्याच वर्षी, डिसेंबरात, पुण्यातल्या प्रभातचा 'संत तुकाराम' मुंबईला सेंट्रल सिनेमात लागला आणि ५७ आठवडे हलला नाही. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, दोघेही बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. पुढच्या वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात गेला. आणि इथे साधार लिहिणाऱ्याला जरा नावडते काम करावे लागते.

'जगातल्या तीन सर्वोत्कृष्ट चित्रपटांत निवड' हे वाक्य आपल्याकडे शाळेच्या पुस्तकापासून भाषणांपर्यंत सगळीकडे आहे. त्या वर्षीच्या व्हेनिसच्या पुरस्कारांची यादी समोर ठेवली की चित्र थोडे वेगळे दिसते. उत्कृष्ट परदेशी चित्रपटाचा मुसोलिनी चषक फ्रान्सच्या ज्युलियन द्युविव्हिए यांच्या 'अँ कार्ने द बाल'ला. उत्कृष्ट इटालियन चित्रपटाचा मान 'शिपिओने लाफ्रिकानो' या रोमन सेनापतीच्या भव्य पटाला. मुसोलिनीच्या राज्यात दुसरे काय होणार! झाँ रन्वार यांच्या युद्धविरोधी 'ला ग्रांद इल्यूजाँ'ला परीक्षकांचा विशेष पुरस्कार. उत्कृष्ट नट एमिल यानिंग्ज, नटी बेट डेव्हिस. दिग्दर्शनाचा पुरस्कार रॉबर्ट फ्लॅहर्टी आणि झोल्टान कोर्डा यांना, 'एलिफंट बॉय'साठी. हा चित्रपट म्हैसूरच्या जंगलात घडलेला आणि त्याचा नायक साबू म्हैसूरचाच. 'संत तुकाराम' येतो तो विशेष शिफारशीच्या रांगेत.

म्हणून काय तुकाराम लहान झाला? मुळीच नाही. उलट 'तीनांत एक' या गुळगुळीत वाक्यापेक्षा खरी यादी कितीतरी जास्त बोलते. जिथे सेनापतीचा जयजयकार चालला होता तिथे देहूच्या वाण्याची शिफारस झाली, हे 'तीनांत एक'मध्ये कुठे येते? आणि भारताची दोन नावे एकाच यादीत होती: एक हत्तीवरच्या पोराचे, गोऱ्या दिग्दर्शकांनी पाहिलेले, दुसरे इंद्रायणीकाठचे, घरच्यांनीच पाहिलेले. त्यातले पहिले वर आणि दुसरे खाली, हेही त्या काळाच्या नजरेविषयी काही सांगते. 'शिफारस' या शब्दाची आपल्याला उगाच लाज वाटते. आजच्या भाषेत ज्याला नामांकन म्हणतात, त्याचाच तो जुना भाऊ.

त्या प्रशस्तिपत्राचीही गोष्ट आहे. ते मधली कित्येक वर्षे बेपत्ता होते आणि २००४ मध्ये परत हाती आले. व्हेनिसचा कागद हरवू शकतो, तर कोल्हापूरच्या एखाद्या पत्रकार संघाच्या ठरावाची काय कथा. कागद हरवण्याच्या बाबतीत कोल्हापूर तसे दुर्दैवीच. गांधीहत्येनंतर, १९४८ मध्ये, उसळलेल्या दंगलीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. 'मीठभाकर' तयार होता, तो जळाला. भालजींनी तो पुन्हा चित्रित केला आणि १९४९ मध्ये लोकांपुढे आणला. चित्रपट पुन्हा काढता येतो. जळालेली पत्रे, करारनामे, वर्तमानपत्रांची कात्रणे पुन्हा काढता येत नाहीत. त्यानंतर जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून जुन्या नायट्रेट फिती खाक झाल्या. या दोन आगींच्या मधून जे वाचले, त्यावर हा इतिहास उभा आहे. म्हणूनच त्यात आठवणींच्या पुस्तकांचे वजन वाजवीपेक्षा जास्त होते. आठवणींचा एक गुण आणि एक दोष. माणसे त्यांत जिवंत असतात, तारखा मात्र लोंबकळत असतात. सरकारी यादीचे नेमके उलट.

सरकारी यादी सुरू झाली १९५४ मध्ये, आदल्या वर्षीच्या चित्रपटांसाठी. पहिलेच राष्ट्रपतींचे सुवर्णपदक अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला, हे सगळ्यांना पाठ आहे. फार थोड्यांना लक्षात असते ते त्याखालचे. 'दो बिघा जमीन' आणि बंगाली 'भगवान श्रीकृष्ण चैतन्य' यांना प्रशस्तिपत्रे. म्हणजे बिमल रॉय त्या यादीत अत्र्यांच्या मागे उभे आहेत. त्याच वर्षी मुंबईत मेट्रो थिएटरात 'फिल्मफेअर'चा पहिला समारंभ झाला. पुरस्कार पाचच, आणि तिथे 'दो बिघा जमीन' पहिला. एकाच वर्षाचे दोन निकाल असे शेजारी ठेवले की कुणाची नजर कशावर होती ते कळते.

सरकारी पद्धतीत नामांकन नव्हते. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे प्रादेशिक समित्या असत. त्या चित्रपट पाहून, चाळून वर पाठवीत, आणि दिल्लीची मध्यवर्ती समिती शेवटचा शब्द देई. कोल्हापूरचा चित्रपट अर्थातच मुंबईच्या चाळणीतून जाई. चाळणीत काय अडकले हे कुणी जाहीर करत नसे. पण चाळणीतून खाली आलेले, तरीही पदकापर्यंत न पोचलेले चित्रपट प्रशस्तिपत्रांच्या रूपाने यादीत राहिले. मला ही प्रशस्तिपत्रे पदकांपेक्षा वाचनीय वाटतात. १९६२ च्या मराठी यादीत 'रंगल्या रात्री अशा' रौप्यपदकावर, आणि 'गरिबाघरची लेक', 'जावई माझा भला' प्रशस्तिपत्रांवर. १९६४ ला 'पाठलाग' वर, आणि खाली 'तुका झालासे कळस' व अनंत मान्यांचा 'सवाल माझा ऐका'. राजा परांजप्यांच्या रहस्यपटाखाली संतपट आणि तमाशापट, हे त्या वर्षीच्या मराठी पडद्याचे आडवे छेदचित्र झाले. विजेत्याची एकटी ओळ ठेवली असती तर वाटले असते, १९६४ मध्ये मराठी माणूस फक्त रहस्यकथा पाहत होता. ढोलकी दुसऱ्या रांगेतून ऐकू येते.

आता एक ओळ अगदी जवळून पाहू. वर्ष १९६५, चित्रपट 'साधी माणसं', दिग्दर्शक भालजी पेंढारकर, मराठीचे रौप्यपदक. महाराष्ट्र राज्य झाल्यावर दोन-तीन वर्षांतच राज्याचे स्वतःचे चित्रपट पुरस्कारही सुरू झाले होते आणि पहिल्याच खेपेला 'प्रपंच' उत्कृष्ट ठरला होता. १९६६ च्या राज्य पुरस्कारांत 'साधी माणसं'च्या संगीताला पुरस्कार मिळाला. विजेत्याचे नाव: आनंदघन.

एखाद्या परक्या संशोधकाच्या हाती नुसती ही यादी पडली तर तो आनंदघन नावाचा संगीतकार शोधत बसेल. त्याला या नावाचे चारच चित्रपट सापडतील: 'मोहित्यांची मंजुळा' १९६३, 'मराठा तितुका मेळवावा' १९६४, 'साधी माणसं' १९६५, 'तांबडी माती' १९६९. चारही भालजींचे. त्याआधी नाही, त्यानंतर नाही, दुसऱ्या दिग्दर्शकाकडे नाही. हुशार असला तर तो संशयाने श्रेयनामावली पाहील आणि त्याला दिसेल की या चारही चित्रपटांत लता मंगेशकर गातात. आणखी मागे गेला तर १९५० चा दिनकर द. पाटलांचा 'राम राम पाव्हणं' सापडेल, जिथे संगीतकार म्हणून लताबाईंचे स्वतःचेच नाव आहे. एवढ्या कागदांवरून तो योग्य उत्तरापाशी पोचेल. आपल्याला मात्र उत्तर आधीच माहीत आहे, कारण समारंभाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली. आनंदघन या नावाचा पुकारा झाला, कुणी उठेना, लताबाई आपल्या जागी गप्प बसलेल्या, आणि शेवटी व्यासपीठावरूनच फोड झाली की आनंदघन याच.

ही गोष्ट सांगणारा दर वेळी तिला थोडे तिखट-मीठ लावतो, ते सोडून देऊ. कागदाच्या दृष्टीने तिच्यात महत्त्वाचे हे की पुरस्कार टोपणनावाला दिला गेला आणि टोपणनाव यादीत तसेच राहिले. परीक्षकांनी नाव पाहून मार्क दिले नसतील असे मानायला इथे सबळ जागा आहे. लता मंगेशकर हे नाव समोर असते तर तोच निकाल निराळा वाटला असता. आणि टोपणनावांचा हा खेळ एकट्या लताबाईंचा नव्हता. खुद्द भालजी 'योगेश' या नावाने गाणी लिहीत. 'साधी माणसं'मधले लोहाराच्या भात्यावरचे, आजही लग्नाच्या बँडवर वाजणारे गाणे मात्र जगदीश खेबुडकरांचे. तेव्हा ते शाळेत शिकवत आणि गाणी लिहीत. पडद्यावर भाता सूर्यकांतांचा, समोर जयश्री गडकर. ऐरणीवर लाल लोखंड, तिच्या हातात भात्याची दोरी, आणि घणाच्या ठोक्यातून निघालेली लय. ते ठोके वाजले जयप्रभात. यादी म्हणते: आनंदघन. यादी म्हणते: भालजी पेंढारकर. जयप्रभा हा शब्द यादीत नाही. पुढे १९६९ च्या यादीत मराठीचा उत्कृष्ट चित्रपट 'तांबडी माती', तोही भालजींचा, तोही आनंदघनचा, आणि पुन्हा गाव नाही. मातीचे नाव आले, गावाचे नाही.

भालजींना स्वतःला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला तो १९९१ चा, वयाच्या नव्वदीनंतर. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले 'साधा माणूस'. व्ही. शांताराम यांना तो १९८५ चा, दुर्गा खोटे यांना १९८३ चा, लताबाईंना १९८९ चा. प्रत्येकाच्या परिचयात कोल्हापूर येते, प्रशस्तीत येईलच असे नाही.

समीक्षकांच्या बाजूने पाहिले तर सरकारने उत्कृष्ट चित्रपट-समीक्षकाला राष्ट्रीय पुरस्कार द्यायला सुरुवात केली १९८४ पासून. लिहिणाऱ्याला पदक ही १९३६ मधली कल्पना तेव्हा कुठे सरकारी झाली, आणि तीही बाजू पालटून. तेव्हा पत्रकारांनी कथालेखकाला दिले होते, आता सरकार पत्रकाराला देऊ लागले. पाठोपाठ १९८५ च्या पुरस्कारांत अरुण खोपकरांच्या गुरुदत्तवरच्या मराठी पुस्तकाला सिनेमावरच्या उत्कृष्ट पुस्तकाचे सुवर्णकमळ मिळाले.

नामांकन हा शब्द आता घरोघरी आहे. वाहिन्यांचे, मासिकांचे, समीक्षक-मंडळांचे पुरस्कार सगळेच आधी नावे जाहीर करतात, मग निकाल. समारंभाआधी नटमंडळी 'नामांकन मिळालं' म्हणून फोटो टाकतात, आणि त्यात गैर काही नाही. विजेता एकच होणार, बाकीच्यांनी कधी हसायचे? राज्य शासनाच्या मराठी चित्रपट पुरस्कारांचीही आता तीच रीत. प्राथमिक फेरीतून दहा चित्रपट अंतिम फेरीला जातात, बऱ्याच विभागांत तीन-तीन नावे जाहीर होतात, आणि कला-दिग्दर्शन, छायालेखन यांसारखे तांत्रिक विभाग नामांकनाच्याच पत्रकात थेट घोषित होऊन जातात. वर्षे मात्र साचतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या डोममध्ये ६० वा आणि ६१ वा असे दोन पुरस्कार एकाच संध्याकाळी उरकले. पुढच्या इतिहासकाराला 'चित्रपटाचे वर्ष कुठले, समारंभाचे कुठले' हा घोळ आमच्याइतकाच निस्तरावा लागेल, याची सरकारने चोख व्यवस्था केली आहे.

पण या नव्या पत्रकात जुन्या यादीत नसलेली एक गोष्ट आहे. जुन्या यादीत विजेत्यांची नावे होती. नव्या पत्रकात विभागांनाच माणसांची नावे आहेत. एका उत्कृष्ट चित्रपटाच्या पुरस्काराला बाबूराव पेंटरांचे. दिग्दर्शनाला भालजी पेंढारकरांचे. छायालेखनाला पांडुरंग नाईकांचे, हंस पिक्चर्सच्या तिघांतले तिसरे. अनंत माने यांच्या नावाचाही पुरस्कार आहे. विजेत्यांच्या रकान्यात कोल्हापूरची नावे पूर्वीइतकी येत नाहीत. चित्रीकरणाला युनिटे येतात, महिना-दोन महिने राहतात, मटण खाऊन जातात, कंपन्या मुंबईच्या. नावे वर सरकली आणि शीर्षकात जाऊन बसली. खाली तीन नामांकने, वर कोल्हापूरचा माणूस.

त्यातले कला-दिग्दर्शनाचे शीर्षक मी दर वेळी थांबून वाचतो. व्हेनिसने ज्यांची शिफारस केली त्या दोघांपैकी हे एक, कोल्हापुरात पेंटरांच्या हाताखाली रंग कालवत तयार झालेले शेख फत्तेलाल. बाकी बहुतेक शीर्षकांत रीतसर नावे आहेत. इथे मात्र महाराष्ट्र शासनाच्या पत्रकात, सांस्कृतिक कार्य विभागाच्या भाषेत, छापलेले असते: कै. साहेबमामा ऊर्फ फत्तेलाल पुरस्कार. कंपनीतली पोरे ज्या नावाने हाक मारत, ते आधी. खरे नाव नंतर.